साडेसहाशे पौंडांची पावती

१

बिस्किटांच्या त्या जुन्या डब्यात बटणं होती, लग्नाचे दोन फोटो होते, मेलेल्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा होता. पावती तेवढी नव्हती.

नोरीन केलेटनं डबा तिसऱ्यांदा टेबलावर पालथा केला. बटणं घरंगळत बशीखाली गेली. "अडीच वर्षं इथंच होती गं," ती म्हणाली. "कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. मी स्वतः ठेवली होती."

समोर बसलेल्या ब्रेंडा कॅसननं चष्मा पुसला. बॅरो या गोदीच्या गावातल्या नगरपालिकेत, भाड्याच्या खात्यात एकतीस वर्षं काढून ती निवृत्त झाली होती, आणि आता दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये भाडेकरूंना फुकट सल्ला देत होती. सल्ला फुकट असला तरी गोड नसायचा. "होईल सगळं नीट" हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे येणारे लोक जरा घाबरतच येत.

"सुनावणी कधी आहे?"

"पुढच्या गुरुवारी. नऊ दिवस राहिले."

पुढच्या खोलीतून ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. तिथं नोरीनचा नवरा डग पडून होता. गोदीत चाळीस वर्षं वेल्डिंग करून त्यानं फुप्फुसं जाळून घेतली होती. ऑगस्टपासून तो आपणहून पलंगावरून उठला नव्हता. ईस्टरपर्यंत दिवस काढले तर खूप, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला मरायचं होतं ते या घरात. घरमालक रोलँड फिअरनला मात्र हे घर रिकामं हवं होतं, कारण गोदीत नव्या कामाला आलेले इंजिनिअर तिप्पट भाडं देत होते. कारण सांगायची गरज नाही, दोन महिन्यांची नोटीस पुरे, असा तेव्हाचा कायदा होता.

"पण त्या कायद्यात एक मेख आहे," ब्रेंडा म्हणाली. "डिपॉझिट घेतलं की मालकानं तीस दिवसांत ते सरकारमान्य योजनेत ठेवायचं आणि तुम्हाला तसं लेखी कळवायचं. नाही ठेवलं, तर डिपॉझिट परत देईपर्यंत ती नोटीस रद्दी. वर दंड. डिपॉझिटच्या एकपट ते तिप्पट, तुमच्या हातात."

"त्यानं ठेवलंय. पण नोव्हेंबरात. आम्ही पैसे दिले जूनमध्ये, अकरा तारखेला. रोख, साडेसहाशे."

"तो म्हणतो, नोव्हेंबरात दिलेत."

"खोटारडा मेला."

ब्रेंडानं कोर्टातून आलेले कागद पसरले. फिअरनचं म्हणणं साधं होतं. जून २०१६ मध्ये केलेट मंडळी नुसत्या शब्दावर राहायला आली. डिपॉझिट घेतलं ते चार नोव्हेंबरला, करारपत्र केलं त्याच दिवशी. खाली डगची सही. सोबत घरातल्या मालकाच्या वस्तूंची यादी आणि फोटो: सिंक, शेगडी, पडद्याच्या दांड्या. योजनेचं प्रमाणपत्र बावीस नोव्हेंबरचं. सगळं तीस दिवसांत, चोख. जूनची पावती हाच एक पुरावा होता, आणि तो डब्यातून उडाला होता.

नोरीननं उठून दिवा लावला. सकाळचे अकरा वाजले होते. "हे स्वयंपाकघर म्हणजे तळघर," ती पुटपुटली. "ऊन येतं ते जूनच्या आगेमागे, तेही संध्याकाळी आठ वाजता. जेवणं झाल्यावर येणार आणि भांडी घासायच्या आत जाणार, आमच्या नणंदेसारखं."

ब्रेंडाला हसू आलं. मग तिनं विचारलं, "या घरात कोण कोण येतं?"

"सकाळी आठला आणि दुपारी चारला कारोलिना, डगचं सगळं करायला. बाहेर किल्लीची पेटी आहे, आकडे फिरवून उघडायची. आकडा तिला ठाऊक, मला ठाऊक." नोरीन थांबली. "आणि शीलाला. माझ्या बहिणीला."

"मग?"

"मग काय? शीला त्या फिअरनची घरं झाडायला जाते. पावती शीलानंच चोरली, ब्रेंडा. मी तिला तोंडावर सांगितलंय."

२

शीलानं दार उघडलं ते फटीएवढंच.

"तिनं पाठवलं असेल तर परत जा."

"मी कुणाच्या सांगण्यावरून येत नाही," ब्रेंडा म्हणाली. "पाऊस लागतोय. आत घे."

शीला साठीची, काटक बाई. हात ब्लीचनं पांढरे पडलेले. तिनं चहा विचारला नाही. त्या गावात यापेक्षा मोठा अपमान नव्हता.

"मी त्याचे संडास घासते," ती म्हणाली, "म्हणून मी त्याची हस्तक? सहा आठवडे झाले. सगळ्या गल्लीसमोर मला चोर म्हणाली. आई गेल्यावर जिला मी शाळेत सोडायला जायचे ती. नाताळला मी इथं एकटी बसून सूप प्यायले."

"तू घेतलीस का?"

"नाही."

ब्रेंडानं तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत तिनं खोटं बोलणाऱ्यांची जत्रा पाहिली होती. खोटं बोलणारा माणूस "नाही" म्हणून थांबत नाही, पुढे कारणं देत बसतो. शीला थांबली होती.

"फिअरननं कधी केलेटांबद्दल काही विचारलं?"

"एकदा. ऑगस्टअखेरीला. मी त्याच्या जिन्यावर होते. म्हणाला, शीला, तुझ्या मेव्हण्याचं डोकं शाबूत आहे ना अजून? म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त." ती कडवट हसली. "आणि विचारलं की नोरीन अजून शाळेत मुलांना जेवण वाढायला जाते का, किती ते किती. मी सांगितलं. साधं बोलणं होतं. मला काय ठाऊक?"

"किती ते किती जाते?"

"साडेअकरा ते दोन."

ब्रेंडा दारापर्यंत गेली तेव्हा शीला मागून म्हणाली, "तुम्ही चोर शोधाल. पण मला चोर म्हणताना तो पलंगावर पडून ऐकत होता. डग. पंचेचाळीस वर्षं ओळखतो मला. एक शब्द बोलला नाही."

रस्त्यावर आल्यावरही ते वाक्य ब्रेंडाच्या डोक्यातून जाईना.

३

रोलँड फिअरनचं ऑफिस स्वच्छ होतं, खिडकीत जीवरक्षक नौकेच्या फंडाची पेटी होती आणि माणूस हसतमुख होता. रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसणारा. त्यानं ब्रेंडापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

"मिसेस कॅसन, मला वाईट वाटतं हो. डग माझ्या वडिलांबरोबर गोदीत होता. पण धंदा हा धंदा आहे."

"तुमचं लेखी म्हणणं वाचलं. एकदा तोंडी सांगाल? कोर्टात विचारतीलच."

"खुशाल. चार नोव्हेंबर, शुक्रवार. डगनं पैसे दिले, मी मोजून घेतले, करारावर त्यानं सही केली. आणि त्याच संध्याकाळी मी स्वतः घरभर फिरून फोटो काढले. माझी रीतच आहे ती. डिपॉझिट हातात आल्याशिवाय यादी नाही, आणि यादीशिवाय डिपॉझिट नाही. वीस वर्षांत एकदाही चुकलेलो नाही."

"फोटोंची मूळ प्रत?"

"तो फोन केव्हाच समुद्रात पडला. छापलेले आहेत ना. पुरे आहेत."

"आणि जूनची पावती तुम्ही कधी दिलीच नाही."

फिअरननं हात पसरले. "असेल तर दाखवा." तो इतक्या मोकळेपणानं म्हणाला की ब्रेंडाला खात्रीच पटली. पावती कुठं आहे हे ठाऊक असलेला माणूसच असा निश्चिंत असतो. नसलेल्या पावतीबद्दल माणूस चिडला असता.

उठताना तिनं सहज विचारलं, "डगला शेवटचं कधी भेटलात?"

"वर्ष झालं असेल."

शीलाचं खरं मानलं, तर ऑगस्टअखेर या गृहस्थाला डगच्या डोक्याची चौकशी करायची गरज पडली होती. बशीतलं बिस्किट ब्रेंडानं तसंच ठेवलं.

४

कारोलिना शुक्रवारी दुपारी केलेटांच्या दारात भेटली. तरणीताठी पोलिश बाई, काम संपवून सायकलचं कुलूप काढत होती.

"आमच्या एजन्सीत बोलायला मनाई आहे," ती म्हणाली. "एका घरचं दुसऱ्या घरी नाही."

"मी दुसऱ्या घरची नाही. याच घरासाठी विचारतेय. तो डबा तू कधी खाली पाहिलास?"

कारोलिना जरा वेळ कुलपाशीच खेळत राहिली. "एकदा. सप्टेंबरात. चारला आले तर डबा त्यांच्या पलंगावरच्या टेबलावर होता. झाकण उघडं. शेजारी पेन. मी विचारलं, तर म्हणाले, जुने फोटो बघत होतो. मी डबा परत वर ठेवला. मला स्टूल घ्यावं लागलं."

"डगला उठता येतं?"

"बाथरूमलाही नाही. मीच नेते." ती ब्रेंडाकडे बघत राहिली. "मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."

ब्रेंडा आत गेली. नोरीन शाळेतून येऊन भांडी आवरत होती. ब्रेंडानं तिच्याकडे डगची जुनी सही असलेलं काहीही मागितलं. नोरीननं शोधून मासेमारी क्लबचं कार्ड आणलं, २०१६ सालचं. सही मोठी, दणकट, शेवटच्या अक्षराची शेपटी कार्डाबाहेर गेलेली.

मग तिनं करारपत्र शेजारी ठेवलं. इथली सही बारीक होती, ओळ सोडून खाली उतरलेली, प्रत्येक वळणावर थरथरलेली.

"बघ," नोरीन म्हणाली. "खोटी आहे की नाही? लहान पोराला कळेल."

ब्रेंडानं दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. खोटी सही करणारा चांगली सही समोर ठेवून नक्कल करतो. २०१६ मध्ये डगचा हात असा थरथरतच नव्हता, मग असल्या सहीची नक्कल कुणी कशावरून करणार? ही सही खोटी नव्हती. ती डगचीच होती, आणि गेल्या काही महिन्यांतली होती.

"नोरीन," ती म्हणाली, "जरा दुकानातून दूध आण."

"दूध आहे की."

"अजून आण."

५

डगनं डोळे मिटून घेतले होते. ब्रेंडानं खुर्ची पलंगाशी ओढली.

"झोपला नाहीस, मला ठाऊक आहे. मी बोलते, तू ऐक. सप्टेंबरात फिअरन आला. नोरीन शाळेत असताना. तूच त्याला फोनवर किल्लीच्या पेटीचा आकडा सांगितलास. डबा कुठं आहे तेही तूच सांगितलंस, त्यानं काढला. पावती तू स्वतःच्या हातानं दिलीस आणि जुनी तारीख घातलेल्या करारावर सही केलीस. चुकत असेन तर सांग."

यंत्राची घरघर चालू राहिली. मग डगच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं.

"तारीख मी बघितली नाही," तो म्हणाला. दर दोन शब्दांनंतर त्याला थांबावं लागत होतं. "चष्मा नव्हता. म्हणाला, जुना करार हरवलाय. नवा करू. जुनी पावती जमा कर... नवी देतो. आणि म्हणाला, डग, तुझ्यामागं नोरीन इथंच राहील. जिवंत असेपर्यंत. हात दिला त्यानं. त्याच्या बापानं हात दिला की... ते लिहिण्यापेक्षा पक्कं असायचं."

गोदीतल्या त्या पिढीला ती ओळखून होती. ही माणसं कागदाला भ्यायची आणि हातात हात दिला की निश्चिंत झोपायची. फिअरन हे ओळखून होता, त्याच गल्लीत वाढलेला. दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं.

"आणि तीन आठवड्यांनी नोटीस आली."

"फोन केला मी त्याला. म्हणाला, नुसती पद्धत आहे."

"आणि शीला?"

डगनं मान भिंतीकडे वळवली.

"डग, तुझ्या बायकोनं सख्ख्या बहिणीला चोर म्हटलं आणि तू ऐकत पडलास." ब्रेंडाचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. तिला खरोखरच राग आला होता, मरणाऱ्या माणसाचासुद्धा. "तुझी लाज मला कळते. पण तू गेल्यावर नोरीनला कोण राहणार आहे? फिअरन?"

"कसं सांगू?"

"जसं मला सांगितलंस तसं. मी तुझा जबाब लिहून घेते, तू सही कर. थरथरली तरी चालेल, थरथरलेलीच हवी आहे. पण नोरीनला ते कोर्टात कळता कामा नये. आज कळायला हवं."

पुढचं दार वाजलं. नोरीन दूध घेऊन आली होती.

"नोरीन," डग म्हणाला, "बस जरा."

६

नोरीन दोन दिवस डगशी बोलली नाही. उशी बदलली, तोंड पुसलं, औषधं दिली, सगळं मुक्यानं. तिसऱ्या दिवशी ती शीलाच्या दारी गेली. शीलानं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

ब्रेंडाला वेगळीच चिंता होती. मरणाऱ्या नवऱ्याचा जबाब कितीही खरा असला तरी फिअरनचा वकील म्हणणार, घर वाचवायला माणूस काहीही सांगेल. डग कोर्टात येऊ शकत नव्हता. तिला असं काही हवं होतं जे आजारी नव्हतं, कुणाचं नातेवाईक नव्हतं. बुधवारी दुपारभर ती केलेटांच्या स्वयंपाकघरात फिअरनचे फोटो घेऊन बसली. सिंक, नळ, शेगडी. शेगडीचा फोटो तिनं दिव्याखाली धरला आणि तशीच बसून राहिली. मग उठून खिडकीशी गेली, बाहेर पाहिलं आणि परत येऊन पुन्हा फोटो पाहिला.

"आठ वाजता येणारं," ती स्वतःशीच म्हणाली.

गुरुवारी कोर्टात फिअरन निळ्या सुटात आला. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, घाईतल्या. केलेटांच्या बाजूनं कोर्टातली फुकट वकील उभी होती, हातात ब्रेंडानं लिहून दिलेली अर्ध्या पानाची चिठ्ठी.

"मिस्टर फिअरन," वकीलबाईंनी विचारलं, "हे फोटो कधीचे?"

"शपथेवर सांगतो, चार नोव्हेंबर. डिपॉझिट घेतलं त्याच संध्याकाळी."

"यादी आणि डिपॉझिट नेहमी एकाच दिवशी?"

"नेहमी. वीस वर्षांत एकदाही चुकलेलो नाही."

"स्वयंपाकघराला खिडक्या किती?"

"एकच. मागच्या गल्लीकडे."

"म्हणजे कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला," फिअरन म्हणाला. आणि वर, आपल्या घराची आपल्याला किती माहिती आहे हे दाखवायला, "अगदी सरळ उत्तरेला."

वकीलबाईंनी शेगडीचा फोटो पुढे केला. मागच्या टाइल्सवर उन्हाचा पिवळा पट्टा होता आणि त्यात खिडकीच्या चौकटीची तिरपी सावली.

"नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य साडेचारला मावळतो, तोही नैर्ऋत्येला. उत्तरेच्या खिडकीतून हे ऊन आत कसं आलं?"

फिअरननं फोटो हातात घेतला. "दिव्याचा उजेड असेल."

न्यायाधीशबाईंनी फोटो मागून घेतला, बराच वेळ पाहिला. "दिवा घरात असतो, मिस्टर फिअरन. घरातल्या दिव्यानं खिडकीची सावली घरात पडत नाही." त्याही उन्हाळ्यात संध्याकाळचं बागेत बसणाऱ्यांपैकी असाव्यात, कारण पुढचं त्यांनीच विचारलं. "या गावात उत्तरेच्या खिडकीत असं ऊन फक्त उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, सूर्य वायव्येला कलतो तेव्हाच येतं. मग हे फोटो जूनचे आहेत. आणि तुमच्याच शब्दांत, यादीचा आणि डिपॉझिटचा दिवस एकच. बरोबर?"

फिअरनचं चुकलं होतं ते इतकंच. सप्टेंबरात त्यानं सगळे कागद नवे केले, पण पलंगावर पडलेल्या माणसासमोर शेगडीचे फोटो काढत कसा फिरणार? म्हणून जुनेच फोटो नव्या यादीला जोडले. त्यानं त्यात शेगडी पाहिली, ऊन पाहिलं नाही. वीस वर्षांत तो त्या स्वयंपाकघरात पैसे न्यायलाच आला होता, राहिला नव्हता.

मग डगचा जबाब वाचला गेला, आणि आता तो निराधार राहिला नव्हता. नोटीस रद्द. दावा फेटाळला. दंड तिप्पट, आणि खोट्या कागदांची रवानगी वरच्या चौकशीला.

नोरीन बाहेरच्या बाकावर बसून रडली. ब्रेंडानं तिला रडू दिलं आणि मग जे सांगायचं ते सांगितलं. फिअरन आता डिपॉझिट परत करेल आणि दुसऱ्याच दिवशी नवी नोटीस काढेल. या वेळी ती चालेल. दोन महिने, मग पुन्हा कोर्ट. उन्हाळा लागेल फार तर.

"म्हणजे जिंकूनही घर नाहीच."

"नाही. मिळाला तो वेळ."

७

डगला ते ब्रेंडानंच सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मला पुरेल ना तेवढा वेळ?"

"तुला पुरेल," ती म्हणाली.

"आणि तिला?"

ब्रेंडाला खोटं सांगायची सवय नव्हती. ती त्याच्या पांघरुणाची घडी सारखी करत राहिली. या माणसानं बायकोला छप्पर राहावं म्हणून पावती दिली होती आणि तेच छप्पर काढून घेतलं होतं. कायद्याच्या कुठल्याही कलमात त्यावर उतारा नव्हता.

दाराची घंटा वाजली. नोरीननं उघडलं. बाहेर शीला उभी होती. आकडा ठाऊक असूनही तिनं घंटा वाजवली होती. ती कोटासकट सरळ डगच्या खोलीत आली.

"कारोलिनानं सांगितलं मला," ती डगला म्हणाली. "तिची एजन्सी गेली खड्ड्यात. पंचेचाळीस वर्षं, डग."

मग ती नोरीनकडे वळली.

"माझ्या मागच्या खोलीतलं शिवणयंत्र काढलंय मी. पलंग मावतो. हा असेपर्यंत तू इथं. नंतर तिथं."

"शीला, मी तुला काय काय बोलले... मला माफ—"

"माफीचं मी अजून ठरवलेलं नाही," शीला म्हणाली. "खोलीचं ठरवलंय."

नोरीन आत जाऊन चहाला पाणी ठेवू लागली. शीलानं कोट काढला नाही, पण ती बसली.